मोरगावच्या अनुताई : गुरांमागं शाळा नेणाऱ्या बाई

मोरगाव (ता. बारामती) : अष्टविनायकातला पहिला गणपती म्हणून मोरगावला वर्षभर गाड्यांची रांग असते. चतुर्थीला तर पाय ठेवायला जागा नसते. पण दर्शन घेऊन, प्रसाद बांधून परत फिरणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की पद्मश्री अनुताई वाघ याच गावात जन्मल्या? अंगणवाडी सेविकांना नाव माहीत असतं, डी.एड. केलेल्यांना माहीत असतं. बाकी आपल्यासारख्यांना सांगावं लागतं. म्हणून आज सांगतो.

जन्म १७ मार्च १९१०, कऱ्हेकाठचं मोरगाव. मृत्यू २७ सप्टेंबर १९९२, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. या दोन तारखांच्या मध्ये त्यांनी एक गोष्ट केली, ती सांगायला सोपी अन् करायला फार अवघड. शाळेत न येणाऱ्या पोराला त्यांनी नावं ठेवली नाहीत. पोरगं जिथं असेल तिथं शाळा उचलून नेली. पोरगं अंगणात असेल तर अंगणात, रानात गुरांमागं असेल तर रानात.

तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य

१९२३ साली अनुताईंचं लग्न झालं. वय वर्षे तेरा. त्या काळात यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. सहा महिन्यांत नवरा वारला. संसार म्हणजे काय ते कळायच्या आत कपाळावरचं कुंकू गेलं.

आजच्या पोरींना समजावं म्हणून सांगतो. त्या काळी पांढरपेशा घरातली विधवा म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत ढकललेलं माणूस. शुभकार्यात पुढं यायचं नाही, चांगलं लुगडं नेसायचं नाही, दुसऱ्याची पोरं सांभाळायची अन् दुसऱ्याची भांडी घासायची. तेरा वर्षांच्या पोरीपुढं असली पन्नास-साठ वर्षं पडलेली असायची.

अनुताईंच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी झाली. घरच्यांनी त्यांना शिकू दिलं. दोनच वर्षांत, १९२५ ला त्या व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्या. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ‘फायनल झालेला माणूस’ असा शब्द असायचा, तीच ही परीक्षा. मराठी सातवी. फायनल झालेल्याला तलाठी नाहीतर मास्तर होता यायचं, एवढी तिची किंमत होती. बाईमाणसाला तलाठी कोण करणार? मास्तरीण होणं हीच एक वाट मोकळी होती. त्या वाटेनं त्या पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात गेल्या अन् १९२९ मध्ये शिक्षिका होऊन बाहेर पडल्या.

पहिली नोकरी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड भागात. चार वर्षं तिथं काढली. खेड्यातली शाळा आतून कशी असते, कुठलं पोर का गळतं, पेरणीला अन् काढणीला पट कसा रिकामा होतो, हे त्यांनी विशीतच बघून घेतलं असणार. पुढं ते कामाला आलं.

पेठेतली पक्की नोकरी

१९३३ मध्ये त्या पुण्यात हुजूरपागेत लागल्या. आपल्याकडची माणसं शाळेची पुस्तकं, गाईड घ्यायला अप्पा बळवंत चौकात जातात. शनिवार पेठेला लागून असलेल्या त्या चौकातून लक्ष्मी रस्त्याकडं चालत निघालं तर थोड्याच वेळात ही शाळा लागते. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा जिथं होती त्या जागेवर ती उभी आहे, म्हणून नाव हुजूरपागा. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामनराव मोडक, डॉ. भांडारकर अशा माणसांनी मुलींसाठी काढलेली ही शाळा.

पुण्याच्या या पेठांचं एक मानलं पाहिजे. सनातनी मंडळींचा कडक अंमलही इथंच अन् त्याला धक्का देणारी माणसंही इथंच. शनिवारवाड्यापासून जवळच, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात, १८४८ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तोही पुण्यातच. ही वाट आधी कुणीतरी मळून ठेवली होती, म्हणून मोरगावची तेरा वर्षांची विधवा पोर पुढं हुजूरपागेत शिक्षिका म्हणून उभी राहू शकली.

हुजूरपागेत त्यांनी अकरा-बारा वर्षं काढली. दिवसा शिकवायचं अन् रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचं. १९३७ ला त्या मॅट्रिक झाल्या, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. हाताखालच्या पोरी मॅट्रिकला बसायच्या अन् बाईही मॅट्रिकचाच अभ्यास करायच्या, असा तो काळ.

आता हिशेब बघा. पुण्यासारखं शहर, नावाजलेली शाळा, पक्की नोकरी. एकट्या बाईला यापेक्षा जास्त आधार त्या काळी कुठं मिळणार? आजसुद्धा घरात कुणाला कायम नोकरी लागली की आपण पेढे वाटतो अन् ती सोडायचा विषय काढला तर घरात भांडण होतं. अनुताईंनी ती पस्तिसाव्या वर्षी सोडली.

दुसऱ्या बाई : ताराबाई मोडक

इथं ताराबाई मोडक यांची गोष्ट मध्ये आणावीच लागते. या दोघींना वेगळं करून सांगता येत नाही.

ताराबाईंचं घर अगदी वेगळं. जन्म १९ एप्रिल १८९२ चा, म्हणजे अनुताईंपेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. आईचा पुनर्विवाह झालेला, म्हणजे त्या काळात वाळीत टाकण्यासारखीच गोष्ट. अशा घरात वाढलेली ही मुलगी १९१४ मध्ये बी.ए. झाली. लग्न अमरावतीच्या वकिलाशी झालं, पण ते टिकलं नाही. मग राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. बंगला, मान, पगार सगळं होतं. तेही सोडून १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडं गेल्या, लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करायला.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या लेकराला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा त्यांना मारकुट्या शाळेचा विचार पडला अन् मॉन्टेसोरी पद्धतीच्या नादी लागले. मॉन्टेसोरी म्हणजे इटलीच्या एक डॉक्टर बाई. मुलाला हातानं करू द्या, त्याच्या वेगानं शिकू द्या, छडी बाजूला ठेवा, असं त्यांचं म्हणणं. गिजुभाई अन् ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढं ताराबाई मुंबईला आल्या अन् दादरला १९३६ मध्ये शिशुविहार सुरू केलं.

पण ताराबाईंच्या मनात एक सल होता. मॉन्टेसोरीचं साहित्य महाग. लाकडी ठोकळे, दट्ट्या, रंगीत पट्ट्या, सगळं मापात घडवलेलं. ते परवडणार कुणाला? दादरच्या नोकरदारांच्या मुलांना. खेड्यातल्या पोराला त्यातलं काय मिळणार? बाळासाहेब खेरांनी त्यांना खेड्यात जाऊन हे करून बघा असं सुचवलं. ताराबाईंचं वय तेव्हा त्रेपन्न होतं. या वयात आपल्याकडची माणसं निवृत्तीनंतरच्या प्लॉटचा विचार करतात.

सोबतीला कुणीतरी हवं होतं. कस्तुरबांच्या नावानं निघालेल्या ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर १९४५ मध्ये बोरिवलीला भरलं होतं. पुण्याहून अनुताई तिथं गेल्या होत्या. तिथंच दोघींची गाठ पडली अन् पुढची अठ्ठावीस वर्षं, ताराबाई जाईपर्यंत, ही जोडी फुटली नाही. एक मुंबईची बी.ए. झालेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई. दुसरी मोरगावची फायनल झालेली बालविधवा. समाजाच्या दृष्टीनं दोघींचाही संसार मोडलेला होता.

बोर्डी : त्या वर्षी तालुक्यात काय चाललं होतं

१९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. जवळचं स्टेशन घोलवड, तेच चिकूसाठी प्रसिद्ध असलेलं. तेव्हा जिल्हा ठाणे, २०१४ पासून पालघर. गावात बागा अन् बागायतदार, आतल्या बाजूला डोंगर अन् डोंगरात वारली.

त्याच वर्षी, त्याच भागात काय घडत होतं ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट नीट कळणार नाही. वारली माणूस तेव्हा वेठबिगार होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे अन् त्या बदल्यात नवरा-बायकोनं आयुष्यभर त्याच्याकडं राबायचं, याला लग्नगडी म्हणत. गवत कापायचं, जंगल तोडायचं, मजुरी नावापुरती. गोदावरी परुळेकर अन् शामराव परुळेकर यांनी १९४५ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांना उभं केलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा इथं जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले.

अशा पेटलेल्या मुलखात या दोन बायका बालवाडी काढायला निघाल्या. माझं मत विचाराल तर पोटाचा प्रश्न बालवाडीनं सुटत नाही. मजुरी वाढली ती लढ्यानं, वेठ मोडली ती लढ्यानं. पण वेठीतून सुटलेल्या माणसाच्या पोरानं पुढं काय करायचं, हा प्रश्न झेंडा खाली ठेवल्यावर उरतोच. तो प्रश्न या दोघींनी हातात घेतला. दोन्ही कामं लागत होती, असं आज मागं वळून बघताना वाटतं.

आता तुम्हीच विचार करा. ज्या माणसानं बाहेरून आलेले चांगल्या कपड्यातले लोक फक्त तीनच रूपांत पाहिलेत, सावकार, जंगलखात्याचा शिपाई अन् पोलिस, तो आपलं लेकरू पुण्या-मुंबईच्या बाईच्या हाती का देईल? बाया दिसल्या की पोरं रानात पळायची. अनुताई पाड्या-पाड्यावर हिंडायच्या, एकेक घर करायच्या. पोरांना गोळा करायचं, अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं काढायची, खरूज असेल तर औषध लावायचं. मग गाणी अन् गोष्टी. अक्षर कुठंतरी शेवटी.

महागड्या साहित्याचा प्रश्नही तिथंच सुटला. समुद्राकाठी शिंपले मिळतात, रानात बिया, पानं, काटक्या, बांबू, चिकणमाती मिळते. मोजायचं तर बिया मोजा. लहान-मोठं शिकायचं तर शिंपले लावा ओळीनं. बोटाला वळण लावायचं तर माती मळा. परदेशी बाईंचं शास्त्र तेच ठेवलं अन् सामान गावरान केलं. त्याला पैसा लागला नाही, डोकं लागलं.

तरीही पोरं पाड्यावरून येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली. कुणाच्या तरी झोपडीपुढचं अंगण सारवायचं अन् तिथंच पोरं बसवायची. अंगणातली वाडी ती अंगणवाडी. आज देशभर जो शब्द सरकारी पाटीवर आहे तो इथल्या कामातून पुढं आला असं मानलं जातं.

धाकट्याला कोण सांभाळणार?

१९५६-५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हललं. बोर्डी कसं का होईना मोठं गाव होतं. कोसबाड म्हणजे थेट वारल्यांच्या मध्ये.

तिथं लक्षात आलं की सात-आठ वर्षांची पोरगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो. आई-बाप मजुरीला गेलेले. ती पोरगीच घरातली आई. तिला शाळेत बोलवायचं तर कडेवरच्याचं काय करायचं?

आपल्याकडं या प्रश्नाला सहसा एकच उत्तर मिळतं, पालकांमध्ये जागृती नाही. कोसबाडला असं म्हणून सोडून दिलं नाही. त्यांनी एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी अन् प्राथमिक शाळा घेतली. कडेवरचा पाळणाघरात, मधला बालवाडीत, थोरली शाळेत. मधल्या सुट्टीत थोरलीनं धाकट्याला बघून यावं. या सगळ्याला मिळून नाव दिलं विकासवाडी. पुढं शिक्षणाच्या पुस्तकांत यावर बरंच लिहिलं गेलं. मुळात तो एका पोरीच्या कडेवरचं ओझं उतरवायचा साधा विचार होता.

कुरणशाळा

मला स्वतःला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे कुरणशाळा. ती समजायला गुरं राखलेली पाहिजेत, म्हणून आपल्या वाचकांना ती लवकर कळेल.

डहाणूच्या डोंगरातली पोरं मालकाची नाहीतर घरची गुरं राखायची. गुराख्याला सुट्टी नसते. गुरांना रविवार नाही, दिवाळी नाही. सकाळी दावं सोडलं की दिवस मावळल्यावरच परत. शाळेची वेळ अन् गुरांची वेळ एकच. शाळा वाजते अकराला, तेव्हा पोरगं डोंगराच्या पलीकडं असतं. मग हजेरी कशी लागणार? मास्तरनं नाव कमी करायचं अन् पालकाला दोष द्यायचा, हे सगळीकडंच चालत आलं.

ताराबाई-अनुताईंनी उलटा विचार केला. पोरगं कुरणात आहे ना? मग शिक्षकानं कुरणात जावं. गुरं चरतात तिथंच झाडाखाली शाळा. भिंत नाही, घंटा नाही, बाक नाही.

ज्यानं गुरं राखलीत त्याला ठाऊक आहे की हे वाटतं तेवढं अवघड नाही. सकाळी जनावर भुकेलं असतं, तेव्हा ते पांगतं, कुणाच्या बांधात शिरतं, मागं पळावं लागतं. ऊन चढलं की पोट भरलेलं जनावर सावली धरतं अन् रवंथ करत बसतं. तो दीड-दोन तासांचा वेळ गुराख्याचा स्वतःचा. तेवढ्या वेळात आमच्याकडची पोरं सूरपारंब्या खेळायची, नाहीतर झाडाखाली लवंडायची. तोच वेळ शाळेचा करायचा. मध्येच एखादी गाय उठून शेताकडं निघाली तर पोरगं उठून तिला वळवून येणार, शिक्षकानं रागवायचं नाही. अशी ती शाळा.

आणि शिकवायला काय कमी? रानात बसलेल्या पोराला झाडं ओळखता येतात, पाखरं ओळखता येतात, ढग कुठल्या बाजूनं आला की पाऊस पडतो ते कळतं. दावणीची गुरं त्याला मोजावीच लागतात, एक कमी भरलं तर मार त्यालाच बसतो. त्याला गणित येत असतं, फक्त ते कागदावर मांडता येत नसतं. शिक्षकानं तेवढं करायचं. माहीत असलेल्या गोष्टीवरून माहीत नसलेल्या गोष्टीकडं जायचं.

जे कुरणातही जमेना त्यांच्यासाठी रात्रीची शाळा होती. अनुताई स्वतः रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या. दिवसभर राबून रात्री पाटी घेऊन बसणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आज शहरांत निसर्गशाळा, रानातली शाळा असं काय काय निघालंय. फी ऐकली तर आपल्याला घाम फुटेल. मुलांना मातीत हात घालू द्या, झाडाखाली शिकू द्या, असं तिथले पालक कौतुकानं सांगतात. चांगलंच आहे. पण कोसबाडला पोरं हौसेनं रानात गेली नव्हती. ती आधीच रानात होती, नाइलाजानं. शाळा त्यांच्या मागं गेली.

शिकवणारी माणसं कुठून आणायची?

अशी शाळा चालवायला माणसं मिळणं हेच खरं अवघड. पदवीवाल्याला डोंगर चढायचा नसतो. म्हणून कोसबाडला बालवाडी चालवणाऱ्या बायकांना तयार करायचं कामही सुरू झालं. अनुताईंनी ‘बालवाडी कशी चालवावी’ नावाचं पुस्तक लिहिलं. नावावरूनच कळतं की ते कामाचं पुस्तक आहे, तत्त्वज्ञानाचं नाही. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक ताराबाईंनंतर त्यांनी चालवलं.

स्वतःचं शिकणंही थांबवलं नव्हतं. १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या बी.ए. झाल्या. तेराव्या वर्षी विधवा, पंधराव्या वर्षी फायनल, सत्ताविसाव्या वर्षी मॅट्रिक अन् एक्कावन्नाव्या वर्षी पदवी. दहावीला एकदा नापास झाल्यावर शाळेचं नाव टाकणाऱ्या पोरांच्या आई-बापांनी हे आकडे घरात वाचून दाखवावेत.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. आता थांबल्या असत्या तरी कुणी बोट दाखवलं नसतं. उलट कोसबाडचं सगळं ओझं त्यांच्यावर आलं अन् त्यांनी ते ओढलं. इतकंच नाही, तर १९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही नवी संस्था काढली अन् आणखी आत, दाभोणच्या जंगलात काम सुरू केलं. पुढं पद्मश्रीही मिळाली.

पुण्याच्या पेठेतून त्या गेल्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या. त्यानंतरची सत्तेचाळीस वर्षं त्याच मुलखात गेली. पस्तीस वर्षं एकीकडची, सत्तेचाळीस तिकडची. त्यामुळं तिकडचे लोक त्यांना आपल्याच मानतात अन् मोरगावात मात्र ओळख करून द्यावी लागते, यात नवल नाही.

आपल्या तालुक्यात

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली. त्यातूनच पुढं गावोगाव अंगणवाड्या आल्या. आज आपल्या गावात लसीकरण, गरोदर बाईची नोंद, पोरांचं वजन, पोषण आहार, सगळं अंगणवाडीतून चालतं. सेविका दिवसभर मोबाईलमध्ये माहिती भरत बसते. तिला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. गाणी अन् गोष्टींना वेळ उरतो किती, हे एकदा अंगणवाडीत जाऊन बघा. अनुताईंच्या अंगणवाडीत वजनकाटा नव्हता, पण गाणं होतं.

दुसरी गोष्ट गुरांमागच्या पोरांची. कोण म्हणेल आता ती पोरं कुठं राहिली? दिवाळीनंतर आपल्या बारामती-पुरंदरच्या रस्त्यांनी मेंढरं कोकणाकडं निघतात. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या अन् मागं काठी घेतलेलं दहा वर्षांचं पोरगं. त्याच सुमाराला कारखान्यांच्या तळावर बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपीपुढं सात वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी असते. कोसबाडची पोरगी अन् ही पोरगी यात मला तरी फरक दिसत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत अन् आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलं. नियम चांगला. पण ज्याची वस्तीच रोज पुढं सरकते त्याचा किलोमीटर कुठून मोजणार? स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. मूल एका गावातून दुसऱ्या गावात गेलं तर ते पत्रक दाखवून तिथल्या शाळेत बसता येतं. साखरशाळा काही ठिकाणी चालल्या, काही बंद पडल्या. जिथं एखादा शिक्षक स्वतः तळावर जाऊन पोरं आणतो तिथं हे पत्रक उपयोगी पडतं. जिथं कुणी जात नाही तिथं ते कागदच राहतं. आपल्या शिवारात टोळी उतरली असेल अन् पोरं तळावरच दिसत असतील, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवता येतं. त्याला अर्ज-बिर्ज लागत नाही.

अनुताईंनी स्वतःच्या कामाबद्दल बरंच लिहून ठेवलंय. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ अन् ‘दाभोणच्या जंगलातून’ ही दोन पुस्तकं. भाषा साधी आहे, दहावी झालेल्यालाही अडणार नाही. आधी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ घ्या. तालुक्याच्या वाचनालयात विचारा, नाहीतर पोरांची पुस्तकं आणायला पुण्याला जाल तेव्हा अप्पा बळवंत चौकात चार दुकानं फिरून बघा.